वहिवाट लागत नाही: फॅनफिल्म, नोटीस आणि लातूरचं पाण्याचं यान

प्रश्न लातूरच्या एका तरुणाचा आहे. आधी तो थोडक्यात सांगतो.

सात-आठ मित्रांनी मिळून एका जगप्रसिद्ध परदेशी अवकाशपट-मालिकेवर मराठीत ३८ मिनिटांची फॅनफिल्म, म्हणजे चाहत्यांनी हौसेने केलेली फिल्म, केली. पात्रं तीच, गणवेश तोच, यानाची ठेवणही तीच. शेवटच्या लढाईला संगीतसुद्धा मूळचंच. भाषा तेवढी आपली. ओळखीपाळखीतून १ लाख ४० हजारांची वर्गणी जमली. शूटिंग खडी क्रशरच्या खाणीत आणि एका बंद पडलेल्या जिनिंगमध्ये झालं. मग एका मंगल कार्यालयात ५० रुपये तिकीट लावून दोन खेळ केले, चौकात फ्लेक्स लावला आणि फिल्म यूट्यूबवर चढवली. अकराव्या दिवशी यूट्यूबने ती उतरवली आणि चॅनलला स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइटभंगाचा इशारा, दिला. चार दिवसांनी मुंबईच्या एका लॉ फर्मची नोटीस ई-मेलवर आली : सात दिवसांत सगळ्या प्रती नष्ट करा, पैशांचा हिशेब द्या, सोबतच्या हमीपत्रावर सह्या करून पाठवा, नाहीतर दिवाणी आणि फौजदारी दोन्ही. मालक कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उत्तराला त्याची गरजही नाही.

पोरांचं म्हणणं असं : आम्ही श्रेय दिलं, सुरुवातीलाच 'कॉपीराइटचा भंग करण्याचा हेतू नाही' अशी पाटी टाकली, कमाई शून्य. जगभर हजारो लोक अशा फिल्मा करतात, त्यांना कुणी काही म्हणत नाही. "आम्ही तर त्याइचं नावच मोठं करायलोत ना साहेब?" आता पोलीस येतील का, यूट्यूबकडे व्हिडिओ परत मागणारी काउंटर नोटीस टाकावी का, हमीपत्रावर सही करावी का?

मी छत्रपती संभाजीनगरला बावीस वर्षं वकिली करतोय. माझ्या टेबलावरच्या दहा फायलींतल्या आठ जमिनीच्या असतात : बांध, वाटण्या, शेतरस्ता. उरलेल्या दोनांत नाटकवाले, गाणीवाले, प्रकाशक आणि अलीकडे यूट्यूबवाले. म्हणून जमिनीच्याच भाषेत सांगतो.

शेजाऱ्याच्या रानातून तुमची गाडी वीस वर्षं राजरोस, विनाअडथळा, हक्क म्हणून गेली, तर १८८२ च्या इझमेंट कायद्यानं तुम्हाला त्या वाटेचा हक्क लागू शकतो. पण तीच वाट त्याच्या मेहरबानीवर चालू असेल, तर दोन पिढ्या गेल्या तरी हक्क लागत नाही. ज्या दिवशी तो काटेरी कुंपण घालेल त्या दिवशी वाट बंद. फॅनफिल्मचं सगळं जग या दुसऱ्या प्रकारच्या वाटेवर चालतं. तुम्हाला जी परवानगी वाटते ते मालकाचं दुर्लक्ष असतं, आणि कॉपीराइटमध्ये दुर्लक्षाची वहिवाट लागत नाही. 'बाकीच्यांना काही म्हटलं नाही' हा बचाव म्हणूनच कोर्टात उभा राहत नाही. मालकाने शंभर जणांना सोडून एकशे एकाव्याला धरलं तरी त्याचा हक्क शाबूत असतो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण 'स्टार ट्रेक'चं आहे. मालिका १९६६ ची. तिच्या चाहत्यांनी वर्षानुवर्षं स्वतःचे भाग तयार केले, सेट उभारले, आणि कंपनी गप्प राहिली. लोकांना वाटलं, झाली वहिवाट. मग 'ॲक्सनार' नावाच्या फॅनफिल्मची टोळी आली. २०१४ मध्ये त्यांनी एक छोटी झलक काढली. ती इतकी सफाईदार होती की पुढच्या मोठ्या चित्रपटासाठी लोकांकडून दहा लाख डॉलरच्या वर वर्गणी जमली. पैसे घेणारे कलाकार आणि तंत्रज्ञ आले, स्टुडिओची जागाही घेतली. डिसेंबर २०१५ च्या अखेरीस पॅरामाउंट आणि सीबीएस यांनी कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टात दावा ठोकला.

पुढचं नीट वाचा, कारण तुमचे बहुतेक मुद्दे तिथे मांडून झाले आहेत. ॲक्सनारवाल्यांचं म्हणणं होतं की हा 'फेअर यूज', म्हणजे परवानगीशिवाय चालणारा रास्त वापर, आहे, फिल्म माहितीपटाच्या ढंगात असल्याने ती एक प्रकारची टिप्पणी आहे, आणि आम्ही ती फुकट दाखवणार. ३ जानेवारी २०१७ ला न्यायाधीशांनी फेअर यूजचा बचाव साफ नाकारला. मूळ मालिकेवर भाष्य किंवा विडंबन काहीच नाही, उलट मूळ जगाशी जास्तीत जास्त इमान राखण्याचाच प्रयत्न आहे, असा त्याचा रोख. विचार करा, चाहत्याचा जो सगळ्यात मोठा अभिमान, 'हुबेहूब केलंय', तोच कोर्टात त्याच्या विरुद्धचा पुरावा झाला. खटला ज्युरीपुढे जाण्याआधी, त्याच महिन्यात तडजोड झाली. मोठा चित्रपट गेला, पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन भाग करायची मुभा मिळाली. या भांडणात एक मजेशीर उपकथाही झाली. कंपनीने क्लिंगॉन या काल्पनिक भाषेवरही हक्क सांगितला. तेव्हा भाषा घडवणाऱ्यांच्या एका संस्थेने कोर्टापुढे निवेदन दिलं आणि त्यातली काही वाक्यं चक्क क्लिंगॉनमध्ये लिहिली. भाषेवर मालकी सांगता येते का, हा प्रश्न त्या खटल्यात निकालात निघाला नाही. मला मात्र तो आजही खुणावतो.

खटला चालू असतानाच, जून २०१६ मध्ये, मालकांनी फॅनफिल्मसाठी नियम जाहीर केले. गोष्ट १५ मिनिटांत संपवा, फार तर दोन भागांत मिळून ३० मिनिटं. काम करणारे हौशी हवेत, कुणाला मानधन नाही. वर्गणी ५० हजार डॉलरपर्यंतच. मूळ फिल्मचे तुकडे वापरायचे नाहीत. नावाखाली ही चाहत्यांची निर्मिती आहे असं लिहायचं. बाजारात मिळणारे पोशाख आणि वस्तू वापरायच्या तर अधिकृतच घ्यायच्या, नकली नाही. चाहते भडकले, गळा घोटला म्हणाले. वकील म्हणून मला ते नियम चांगले वाटतात, कारण पहिल्यांदा कुणीतरी कुंपण कुठे आहे ते दाखवलं. सगळ्या मालकांनी अजून तेवढंही केलेलं नाही.

या नियमांच्या आत राहिलं म्हणजे हक्क मिळाला, असं मात्र नाही. 'एवढ्यात राहाल तर आम्ही हरकत घेणार नाही' इतकाच त्याचा अर्थ. कुंपणाला मालकाने फाटक लावून दिलं, सातबारावर तुमचं नाव चढलं नाही.

वागण्याच्या तऱ्हा मालकागणिक वेगळ्या. 'स्टार वॉर्स'वाल्या लुकासफिल्मने २००२ पासून चाहत्यांच्या फिल्मांना बक्षिसं दिली. 'हॅरी पॉटर'च्या खलनायकाचा भूतकाळ दाखवणारी एक इटालियन फॅनफिल्म वॉर्नर ब्रदर्सने वर्गणीच्या टप्प्यावर थांबवली, आणि नंतर 'पैसे न कमावता दाखवा' या अटीवर जाऊ दिली. २०१८ च्या जानेवारीत ती यूट्यूबवर फुकट आली. माझ्या मते यात एक धागा आहे. फिल्म किती चांगली यापेक्षा पैसा कुठून आला आणि कुठे गेला याकडे मालकाचं लक्ष असतं. तुम्ही चाहत्यासारखे वागता तोवर तो बहुधा डोळेझाक करतो. निर्मात्यासारखे वागायला लागलात की तोही निर्मात्यासारखा वागतो. तिकीट लावलं त्या दिवशी तुम्ही ती रेघ ओलांडलीत. 'पण तोटा झाला' हे तुमचं म्हणणं खरं असेल. तोटा झाला म्हणून धंदा केला नाही असं होत असतं, तर आपल्याकडचे निम्मे सोयाबीनवाले धंद्यात नाहीत म्हणावं लागेल.

आता आपल्या कायद्याकडे येऊ, कारण तुमचा प्रसंग लातूरचा आहे आणि 'फेअर यूज' हा शब्द तुम्ही अमेरिकन व्हिडिओंतून उचललेला आहे. तिकडे कोर्ट चार कसोट्या लावून मोकळेपणाने ठरवतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे आणि त्यात यादी आहे. खासगी वापर किंवा संशोधन, समीक्षा किंवा परीक्षण, चालू घडामोडींचं वृत्तांकन, आणि पुढे बरेच बारीक अपवाद. यादीत बसलात तर बसलात. 'चाहत्याने प्रेमापोटी केलेली फिल्म' अशी नोंद त्या यादीत नाही.

एक अपवाद आपल्याकडे फार जणांना उपयोगी पडतो आणि फार जणांचा घोळही करतो. हौशी मंडळाने फुकट प्रेक्षकांसमोर, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी, एखाद्या नाटकाचा किंवा गाण्याचा प्रयोग केला तर तो भंग ठरत नाही. शाळा-कॉलेजच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक यांच्यासमोर केलेला प्रयोगही चालतो. गणपतीतल्या नाटुकल्या आणि स्नेहसंमेलनं याच आधारावर उभी आहेत. पण ही सूट रंगमंचावरच्या प्रयोगाला आहे. त्याचं चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकलं की सूट संपली, आणि फिल्म बनवायला तर ती कधीच नव्हती. परवा एका कॉलेजच्या सांस्कृतिक विभागप्रमुखांनी मला फोनवर हाच अपवाद वाचून दाखवला. शेवटचं वाक्य मात्र त्यांनी गाळलं होतं. मग मी ते त्यांना वाचून दाखवलं.

कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो, मांडणीवर असतो. हे १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. नाटककाराने 'नवी दिल्ली' या चित्रपटाविरुद्ध दावा केला होता आणि तो हरला. कसोटी सोपी आहे : दोन्ही पाहिलेल्या सामान्य प्रेक्षकाला दुसरी पहिलीची नक्कल आहे असं ठामपणे वाटतं का? अंतराळातलं युद्ध, गुरू-शिष्य, बाप खलनायक निघणं ही कल्पना झाली, ती आपल्या पुराणांतही सापडते. पण विशिष्ट नावाचा, विशिष्ट शिरस्त्राणाचा, विशिष्ट श्वासाच्या आवाजाचा खलनायक ही मांडणी झाली. पात्रालाही संरक्षण मिळतं का? मिळू शकतं. एसटी स्टँडवरच्या स्टॉलला आम्ही लहानपणी वाचायचो त्या कॉमिक्समधल्या नागराजच्या प्रकाशकाने त्याच्यासारख्याच 'नागेश' या पात्राविरुद्ध दिल्लीत मनाई हुकूम मिळवला होता. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने चुलबुल पांडेच्या प्रकरणात, वेगळेपण असलेल्या पात्रावर हक्क असू शकतो हे तत्त्वतः मान्य केलं. तुमच्या फिल्ममध्ये पात्रांची नावंसुद्धा बदललेली नाहीत. तेव्हा या मुद्द्यावर भांडायला जागाच ठेवलेली नाही तुम्ही.

विडंबनाचं वेगळं आहे. १९९६ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका गाजलेल्या राजकीय नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या 'प्रतिनाटका'ला संरक्षण दिलं. किती घेतलं, कशासाठी घेतलं, आणि मूळ कृतीशी बाजारात स्पर्धा होते का, हे कोर्टाने पाहिलं. तिथे मूळ नाटकातले प्रसंग त्याच नाटकाच्या विचारावर टीका करायला वापरले होते. कुणी मालेगावच्या विडंबनपटांचं उदाहरण देतं. ते मलाही प्रिय आहेत. त्यातलं किती कायद्याने तगलं असतं आणि किती केवळ कुणी दावा केला नाही म्हणून तगलं, हा प्रश्न कोर्टापुढे आलाच नाही. तुमची फिल्म मी पाहिली. त्यात विडंबन नाही, भक्ती आहे. आणि भक्तीला कलम ५२ मध्ये जागा नाही.

श्रेय देण्याबद्दल आणि त्या पाटीबद्दल एकदाच सांगतो. दुसऱ्याच्या मोटारसायकलवर 'मालकाच्या सौजन्याने' असं रंगवून गावभर फिरलं म्हणून गाडी तुमची होत नाही. उलट मालक कोण हे तुम्हाला ठाऊक होतं, हे तुम्ही स्वतःच लिहून दिलं. 'मला कॉपीराइट असल्याचं माहीत नव्हतं' म्हणणाऱ्याला कायदा नुकसानभरपाईत थोडी सवलत देतो. ती तुम्ही पहिल्या पाच सेकंदांतच घालवली.

आणखी एक कलम कुणी सांगत नाही. ज्या चित्रपटाचा मोठा भाग दुसऱ्याच्या कॉपीराइटचा भंग आहे, त्या चित्रपटाला स्वतःचा कॉपीराइट मिळत नाही. म्हणजे उद्या दुसऱ्या चॅनलने तुमची अख्खी फिल्म उचलून टाकली आणि जाहिरातींचे पैसे कमावले, तर 'आमची फिल्म चोरली' असा दावा लावताना तुमचे हात बांधलेले असतील. तुम्ही स्वतः लिहिलेले संवाद आणि रचलेलं संगीत यांचा वेगळा विचार होईल, त्याकडे शेवटी येतो.

पोलिसांचं. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितलं. म्हणजे कागदावर पोलीस वॉरंटशिवाय येऊ शकतात. घाबरवण्यासाठी सांगत नाही, नोटिशीतली 'फौजदारी' ही पोकळ धमकी नाही इतकंच. व्यवहारात मी हे कलम नकली पुस्तकांच्या गोदामावर आणि पायरेटेड मालाच्या दुकानांवर चाललेलं पाहिलं आहे. चाहत्यांच्या टोळीवर माझ्या पाहण्यात एकदाही नाही. शिक्षा सात वर्षांच्या आतली असल्याने आधी चौकशीसाठी हजर राहण्याची नोटीस देणं हा सर्वसाधारण मार्ग आहे, आणि धंद्यात नफ्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट कारणं नोंदवून कमी शिक्षाही देऊ शकतं. तुमचं खरं संकट कैदेचं नाही, तारखांचं आहे. मालकाची कचेरी मुंबईत आहे, तिथे दावा लावता येईल अशी मांडणी त्यांचे वकील नक्की करतील, आणि मग दर तारखेला लातूर-मुंबई एक्सप्रेस. वर्षभरात वर्गणीपेक्षा जास्त पैसे रेल्वे, लॉज आणि आमच्यासारख्यांच्या फीमध्ये जातील.

सगळी कोर्टं निष्ठुर असतात असंही नाही. २००७ मध्ये कोलकात्यातल्या सॉल्ट लेकच्या एका दुर्गापूजेच्या मंडळाने हॅरी पॉटरच्या शाळेच्या किल्ल्यासारखा मंडप उभारला. लेखिकेच्या बाजूने दिल्ली उच्च न्यायालयात दावा झाला. कोर्टाने मंडप उत्सवापुरता राहू दिला. इथेही तीच मेहरबानीची वाट : त्या वर्षापुरती.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण तिच्यामुळेच मी आज तुम्हाला वेगळा सल्ला देतोय. वकिलीची पहिली चार-पाच वर्षं होती. आमच्या भागातल्या एका हौशी नाट्यमंडळाने एका नावाजलेल्या मराठी नाटकाचा 'पुढचा भाग' म्हणून एकांकिका केली. पात्रं तीच, लग्नानंतर दहा वर्षांनी. दोन-तीन ठिकाणी बक्षिसं मिळाली, मग तिकीट लावून प्रयोग सुरू झाले. मूळ लेखकाच्या वारसांचं पत्र आलं. पोस्टकार्डाएवढं, हाताने लिहिलेलं : परवानगी घेतलेली दिसत नाही, कृपया कळवावे. मी तरुण, अंगात रग. चार पानी इंग्रजी उत्तर ठोकलं : अभिव्यक्तिस्वातंत्र्य, फेअर डीलिंग, दोन निवाडे, आणि शेवटी 'आपल्या निराधार पत्रामुळे आमच्या अशिलाची बदनामी झाली आहे'. परिणाम काय? वारसांनीही वकील गाठला. मनाई हुकूम झाला, प्रयोग बंद पडले, दोन वर्षं तारखा. शेवटी तडजोडीच्या दिवशी लेखकाची मुलगी कोर्टाच्या व्हरांड्यात मला म्हणाली, "अहो, तुम्ही फोन केला असता तर प्रयोगामागे थोडंसं मानधन घेऊन आम्ही हो म्हटलं असतं. बाबांना आवडलं असतं ते." त्या मंडळातला एक मुलगा पुन्हा रंगमंचावर चढला नाही. ते चार पानी उत्तर मी अजून फायलीत ठेवलंय. नवीन ज्युनियर आला की वाचायला देतो.

खरं तर नाटकवाल्यांना ही शिस्त आपल्याकडे जुनी आहे. राज्य नाट्य स्पर्धेला उतरायचं तर लेखकाचं संमतिपत्र लागतं, संहिता परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. फिल्म करायला मोबाइल पुरतो, फॉर्म भरावा लागत नाही, म्हणून तीच पोरं तिकडे बिनधास्त होतात.

यूट्यूबकडे वळू. स्ट्राइक आणि कंटेंट आयडी क्लेम (यूट्यूबच्या यंत्रणेने जुळणी ओळखून लागणारा दावा) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लेममध्ये व्हिडिओ बहुधा राहतो, जाहिरातीचे पैसे दावेदाराकडे जातात. २०१९ च्या जानेवारीत 'स्टार वॉर्स'च्या खलनायकावरच्या एका गाजलेल्या फॅनफिल्मचं असंच झालं. निर्मात्याने स्वतः एक पैसा न कमावायचं कबूल केलं होतं, आणि संगीत प्रकाशकाने त्यातल्या एका ओळखीच्या धुनेवर क्लेम टाकून जाहिराती चालू केल्या. चाहते चवताळले, लुकासफिल्मनेच मध्ये पडून क्लेम मागे घ्यायला लावला. तुमच्या फिल्ममध्येही शेवटी मूळ संगीत आहे. म्हणजे पात्रांचा मालक खूश झाला तरी संगीताचा मालक वेगळा असू शकतो.

तुम्हाला आलाय तो स्ट्राइक. ९० दिवसांत असे तीन झाले तर चॅनल जातं. काउंटर नोटीस टाकू नका, हे मी ठळक अक्षरात सांगतोय असं समजा. ते फॉर्मवरचं बटण दिसतं तितकं साधं नाही. त्यात तुमचं नाव-पत्ता दावेदाराकडे जातो, 'चूक झाली म्हणून माझा व्हिडिओ काढला' असं खोटेपणाच्या शिक्षेच्या धाकाखाली लिहून द्यावं लागतं, आणि भारतात राहणाऱ्याला अमेरिकेतल्या कोर्टाचा अधिकार मान्य करावा लागतो. मग दावेदाराने कामकाजाच्या दहा दिवसांत दावा लावल्याचं दाखवलं नाही तरच व्हिडिओ परत येतो. ज्याची बाजू कच्ची त्याने हा फॉर्म भरणं म्हणजे स्वतःहून तिथल्या कोर्टाला पत्ता देणं. ज्याची फिल्म खरंच चुकीने काढली गेली, त्याच्यासाठी तो आहे.

नोटिशीचं उत्तर मुदतीत जायलाच हवं. सुरात भांडण नको आणि लोटांगणही नको. त्यात एवढंच असेल : व्हिडिओ उतरलेला आहे, पुन्हा चढवणार नाही, प्रदर्शन थांबवलं, फ्लेक्स आणि पोस्टवरची कंपनीची चिन्हं काढली, दोन खेळांत ३१० तिकिटं गेली, १५ हजार ५०० रुपये आले, खर्च इतका झाला, हे हिशेब. चिन्हाचा मुद्दा ट्रेडमार्कचा आहे, तो कॉपीराइटपेक्षा वेगळा, आणि फ्लेक्सवर तुम्ही त्यांचा लोगो फिल्मच्या नावापेक्षा मोठा छापलाय, म्हणून हे आधी. आणि शेवटी एक विनंती : 'स्टार ट्रेक'वाल्यांच्या नियमांच्या धर्तीवर लहान, बिनतिकिटाची, मूळ संगीताशिवायची आवृत्ती दाखवायला हरकत आहे का? उत्तर बहुधा 'नाही' येईल. विचारायला पैसे पडत नाहीत.

त्यांनी जोडलेल्या हमीपत्राला आहे तशी सही करू नका. चौथं कलम वाचलंत का? 'सदर कृतीतील सर्व हक्क, संहिता व संवादांसह, कंपनीकडे कायमस्वरूपी वर्ग' आणि त्याखाली 'भविष्यात भंग झाल्यास २५ लाख रुपये'. पहिली तीन कलमं देऊन टाका, ती तशीही त्यांचीच आहेत. चौथं खोडायचं. ते दावा मिटवायला येतील तेव्हा या कलमासाठी अडून बसणार नाहीत असा माझा अंदाज आहे. असे मसुदे बरेचदा साच्यातून निघतात.

चौथं कलम खोडायला सांगतोय त्याचं कारण तुमची फिल्म पाहताना मला सापडलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या फेरीला दहा टँकर, पाच लाख लिटर. तुम्ही तेव्हा शाळेत असणार. तुमच्या फिल्ममध्ये एका कोरड्या ग्रहावर पाण्याचं यान येतं, आणि ते उतरायच्या जागी घागरींची रांग लागलेली आहे. रांगेतली एक म्हातारी सैनिकाला विचारते, "माझा नंबर लागंस्तोर हे संपल का रे बाबा?" आणि तो सैनिक शिरस्त्राण काढून तिची घागर उचलतो. एवढ्या प्रसंगात त्या परदेशी मालिकेचं काय आहे? फक्त शिरस्त्राण. ३८ मिनिटांपैकी अशी अकरा-बारा मिनिटं मी मोजली. ती पूर्ण तुमची आहेत. गणवेश बदला, नावं बदला, यान खडी क्रशरच्या कन्व्हेअरसारखं दिसू द्या, संगीत गावातल्या कुणाकडून करून घ्या, आणि हीच गोष्ट वेगळी म्हणून उभी करा. कुणाचीच परवानगी लागणार नाही आणि कॉपीराइटही तुमचा असेल.

उधारीचंच पात्र हवं असेल तर मेलेल्या लेखकांकडे जा, पण तारीख मोजून. आपल्याकडे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. ह. ना. आपटे १९१९ मध्ये गेले, त्यांच्या कादंबऱ्या आता सगळ्यांच्या. फास्टर फेणेचे भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले, तिथे २०६१ अखेरपर्यंत थांबा किंवा वारसांना भेटा. मराठी आहे म्हणून सवलत नाही.

नोटिशीची मुदत येत्या शुक्रवारी संपते. बुधवारी दुपारी चारनंतर ऑफिसला या. ई-मेलची प्रिंट पूर्ण काढा, वरच्या पाठवल्याच्या तारखेसकट. पावती पुस्तक, फोनपेचे वर्गणीचे व्यवहार, तिकिटांची अर्धुकं आणि मंगल कार्यालयाचं बिल आणा. हार्डडिस्कमधलं काहीही अजून पुसू नका, नष्ट करायचं ते ठरल्यावर आणि लेखी नोंद ठेवून करू. संहिता ज्याने लिहिली त्याला सोबत आणा, वही असेल तर वही. आणि औसा रोडवरचा तो फ्लेक्स आजच उतरवा, तुमचा मित्र अजून त्याच्यापुढे उभा राहून फोटो टाकतोय.